पाळणा वर जातो तेव्हा

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलं की सगळ्यात वरच्या टोकाला एक क्षण असा येतो, की पोटातलं काहीतरी सुटतं. खाली फेरीतल्या, म्हणजे जत्रेच्या बाजारातल्या, दुकानांच्या रांगा, खाजेवाल्यांचे पिवळे दिवे, पलीकडे काळोखात बुडालेली शेतं. आणि आपण, कुणी अलगद उचलून धरल्यासारखे. माझा पेडण्याचा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला पाळण्यांचं अक्षरशः वेड आहे. वहीच्या मागच्या पानांवर तो रोलर कोस्टरचे रूळ काढतो. त्यानं त्या टोकाला माझा हात घट्ट धरून विचारलं, "मामा, वर आल्यावर मी खरंच हलका होतो?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी मोजून बघू.

आणि मोजलं. घरात मासळी तोलायला एक आकडा लावलेला स्प्रिंगकाटा होता, तो घेतला. जत्रेत अर्धा किलो खाजं विकत घेतलं. पिशवी आकड्याला अडकवली, काट्याला दोरी बांधून ती मनगटात गुंडाळली आणि पाळण्यात बसलो. पाळणा थांबलेला असताना काटा पाचशेवर. वेग धरल्यावर भाच्यानं मोठ्यानं आकडे मोजले, एका फेरीला जेमतेम दहा सेकंद लागत होते. वरच्या टोकाला काटा साडेतीनशेच्या आसपास घसरला. खाली येताना चढत चढत सहाशेच्या पार गेला. खाजं तेवढंच, पिशवी तीच. पोरगा काट्याकडे असा बघत होता, की त्याला खालचे दिवेही दिसेनात.

यामागचं गणित फार अवघड नाही. आपल्याला जे वजन 'वाटतं', ते खरं तर बूड टेकलेली फळी आपल्याला किती जोरात वर ढकलते, यावर ठरतं. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला सतत मध्याकडे ओढणारा जोर लागतो, नाहीतर ती सरळ निघून जाईल. पाळणा खालच्या टोकाला असतो तेव्हा मध्य डोक्यावर असतो, म्हणून फळीला आपलं वजन पेलून शिवाय वर ढकलावं लागतं. आपण जड होतो. वरच्या टोकाला मध्य पायाखाली असतो. तिथे पृथ्वीची ओढच मध्याकडे नेण्याचं काम करते, फळीच्या वाट्याला कमी उरतं. आपण हलके होतो. पाळण्याची त्रिज्या सात मीटर आणि फेरी दहा सेकंदांची धरली तर फरक पडतो साधारण अठ्ठावीस टक्क्यांचा. म्हणजे तीस किलोचा पोरगा वर साडेएकवीस किलोचा, खाली साडेअडतीस किलोचा. त्याचं शरीर जे सांगत होतं, ते खरं होतं. पोटात जे सुटतं तेही खरंच आहे. आतडी, जठर ही सगळी आत लोंबकळलेली असतात, त्यांचाही भार त्या क्षणी कमी होतो आणि आपल्याला ते जाणवतं.

मला थक्क करणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. आकाशपाळण्याची सगळ्यात जुनी वर्णनं ज्यांनी लिहून ठेवली, त्यांतले दोघेजण पुढे आपल्या गोव्यात आले होते. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी 1615 साली कॉन्स्टँटिनोपलला होता. तिथल्या सणाच्या दिवसांत उभारलेल्या मोठ्या लाकडी चाकात तो स्वतः बसला आणि वेगानं वर-खाली जाण्याची मजा त्यानं लिहून ठेवली. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं 1620 साली आजच्या बल्गेरियातल्या, तेव्हाच्या तुर्की अमलातल्या प्लोव्हदिव्हजवळ असेच झुले आणि चाकं पाहिली आणि त्यांचं चित्रही काढलं. देल्ला व्हाल्ले 1623 साली गोव्यात उतरला. मंडी 1636 साली इंग्रजी जहाजांबरोबर आला. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरलेल्या त्या दोघांच्या पोटात तो वरच्या टोकाचा क्षण आधीच साठलेला होता, हा विचार मला दर वर्षी पाळण्यात बसताना येतो.

ही हकिकत मला नॉर्मन अँडरसन यांच्या 'फेरिस व्हील्स' या 1992 च्या सचित्र इतिहासामुळे पक्की समजली. पाळण्यांचं वेड असलेल्या कुणा मोठ्याला, निदान इंग्रजी वाचणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलाला पुस्तक द्यायचं असेल तर मी हेच देईन. तुर्कस्तानातल्या हातानं फिरवायच्या लाकडी चाकापासून ते 1893 साली जॉर्ज फेरिसनं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभारलेल्या चाकापर्यंत सगळं त्यात येतं. त्या शिकागोच्या चाकाची उंची 264 फूट होती. त्याला 36 डबे आणि एकेका डब्यात साठ माणसं. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसं हवेत! ते वाचल्यावर जत्रेतला आपला पाळणा लहान वाटेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. शिकागोचं चाक इतकं संथ फिरायचं, की पोटात काही सुटण्याची शक्यताच नव्हती. तिथली मजा उंचीची होती. जत्रेतला पाळणा ठेंगणा असतो, पण अंगातून जाणारी लहर तोच देतो, कारण ती वेगाच्या वर्गावर ठरते. फेरीचा वेळ निम्मा केला की जोर चौपट.

जत्रेतला दुसरा चमत्कार म्हणजे मौत का कुआँ. फळ्यांची ती उंच गोल विहीर, वरच्या कठड्यावर ओणवे झालेले लोक, आणि खालून गुरगुरत भिंतीवर चढणारी मोटरसायकल. लहानपणी मला वाटायचं, वेगामुळे ती भिंतीला चिकटते. चिकटत नाही. भिंत गाडीला सतत आत, मध्याकडे ढकलत असते. त्या दाबामुळे टायर आणि फळी यांत घर्षण तयार होतं आणि ते घर्षण गाडीला खाली घसरू देत नाही. विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि वेग ताशी 36 किलोमीटर धरला, तर भिंतीचा दाब गाडी नि स्वाराच्या वजनाच्या दुप्पट होतो. म्हणजे त्या दाबाच्या निम्म्याइतकं घर्षण मिळालं तरी पुरे, आणि रबर व कोरडं लाकूड तेवढं सहज देतात. फळी ओली असेल तर हिशेब बिघडतो. स्वाराच्या अंगावर मात्र त्या वेळी स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार असतो आणि तरी तो हात सोडून नोटा टिपतो. मी त्या माणसांना खेळ दाखवणारे म्हणत नाही. ते कारागीर आहेत.

मोठ्या पार्कातला रोलर कोस्टर याच दोन गोष्टींचा नातेवाईक. उलटं करणारा गोल फास 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लावला होता, तेव्हा तो अगदी वर्तुळाकार होता. तळाशी वेग जास्तीत जास्त आणि वळण एकदम, त्यामुळे लोकांच्या माना अवघडून यायच्या. तो फार काळ टिकला नाही. उत्तर सापडायला 1976 साल उजाडलं. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यानं कॅलिफोर्नियातल्या कोस्टरसाठी फास थेंबाच्या आकाराचा केला. तळाशी, वेग जास्त तिथे वळण ऐसपैस. माथ्यावर, वेग मंदावतो तिथे वळण तंग. खोपोलीच्या इमॅजिकात, किंवा कुठल्याही मोठ्या पार्कात फास दिसला की मुलांना लांबून त्याचा आकार नीट बघायला सांगा. वर्तुळ नाही, उलटा थेंब आहे. एकदा दिसलं की मग डोळ्यांना तेच दिसत राहतं. माझ्या भाच्याच्या वहीतले सगळे फास त्या दिवसापासून थेंबाचे झाले.

आता भेटीचं. पाळण्यांच्या वेड्याला वाढदिवसाला काय द्यावं, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. दुकानातली प्लास्टिकची कोस्टर छान दिसतात, पण दोन दिवसांत त्यांचं गुपित संपतं. माझ्या मते भेट अशी असावी, की जिच्यातून तोच नियम परत परत बाहेर येतो. आणि तशा वस्तू पेडणे-डिचोलीच्या माणसाला फार लांब जाऊन आणाव्या लागत नाहीत.

पहिली, सावंतवाडीचा लाकडी भोवरा. पेडणे महाल 1788 साली पोर्तुगिजांकडे गेला, त्याआधी तो सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. त्यामुळे इथल्या घरांत चितार आळीतली लाकडी भातुकली, रंगीत फळं, पाट हे पिढ्यान्‌पिढ्या येत आलेलं आहे. पेडण्याहून गाडीनं तासाभराच्या आत तिथे पोचता येतं. लाखेच्या रंगाचा भोवरा हातात घ्या, दोरी गुंडाळा, फेका. फिरतोय तोवर तो टोकावर उभा राहतो, थांबला की आडवा. कोस्टरचं चाक, सायकलचं चाक, आकाशपाळणा, सगळ्यांच्या पोटातला नियम त्या मुठीएवढ्या लाकडात आहे. सावंतवाडीतच गंजिफाही मिळतात. हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी संचात 120, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा पत्ते. सत्तरच्या दशकात ही कला बंद पडण्याच्या बेतात असताना सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती वाचवली. पेडण्याकडच्या देवळांत जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक बघितलेल्या मुलाला ते पत्ते ओळखीचे वाटतात. महाग आहेत, खरं. पण संच न परवडला तर सुटा पत्ताही चौकटीत लावावा असा असतो.

दुसरी भेट माझी सगळ्यात लाडकी. पत्र्याची फटफट करणारी आगबोट. फेरीत अजून एखाद्या म्हाताऱ्या विक्रेत्याकडे पाण्याच्या तसराळ्यात ती गोल गोल फिरताना दिसते. पोटात तेलाची वात, वर पत्र्याची चपटी डबी, मागे पाण्यात उघडणाऱ्या दोन बारीक नळ्या. चाक नाही, पंखा नाही, एकही हलणारा भाग नाही. वात डबी तापवते, आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ नळीतलं पाणी मागे फेकते आणि बोट पुढे जाते. मग वाफ थंड होऊन आकसते आणि नळी परत पाणी ओढून घेते. इथेच गंमत आहे. पाणी जसं बाहेर फेकलं तसंच आत ओढलं, तर बोट जागच्या जागी डुलायला हवी. ती पुढे का जाते? कारण बाहेर जाताना पाणी एका धारेत सरळ मागे जातं, आणि आत येताना सगळ्या बाजूंनी येतं. फुंकर मारून मेणबत्ती विझवता येते, श्वास ओढून विझवता येत नाही. अगदी तसंच. तॉमा पियो नावाच्या माणसानं 1891 साली हिचं पेटंट घेतलं होतं. गेल्या फेरीत आम्ही एक घेतली. घरी परातीत पाणी ओतलं, खोबरेलाची वात लावली आणि पाच मिनिटं काहीच झालं नाही. नळीत आधी पाणी भरायचं राहिलं होतं. ते भरलं, आणि फट... फट... फटफटफट. माझी आई स्वयंपाकघरातून येऊन परातीशी फतकल मारून बसली ती वात विझेपर्यंत उठली नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेला सांखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत लोकांनी घरी बनवलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या नावा सोडतात, तो सोहळा बोटींच्या वेड्याला दाखवायलाच हवा. डिचोली तालुक्यातली यापेक्षा देखणी रात्र मला माहीत नाही. आधी घरी मुलांबरोबर एक छोटी नाव करून बघा. पहिली बहुतेक कलंडतेच. मग दिवा खाली घेतला, तळाला थोडं वजन ठेवलं, की उभी राहते. त्यानंतर नदीकाठी त्या मोठमोठ्या नावा बघताना मुलांचे डोळे वेगळ्याच जागी जातात. सजावटीच्या खाली, तळाकडे.

पुस्तकांत आणखी चार नावं. याकोव्ह पेरेलमान यांचं मनोरंजक भौतिकशास्त्र, पहिला भाग 1913 चा, अजून तितकंच ताजं आहे. सर्कशीतल्या उलट्या फासाचं गणित दुसऱ्या भागात आहे. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तकं मराठीत आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एका दुपारसाठी एक पान पुरतं. आणि जत्रा ही नुसती पाळण्यांची जागा नाही, देवळाची आणि गावाची आहे, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्या मोठ्या माणसाला विनायक खेडेकर यांचं 'लोकसरिता' द्या. गर्दी बघण्याची आवड असलेल्या मुलाला मारियो मिरांडांच्या चित्रांचं एखादं पुस्तक द्या. बोट फिरवत तासन्‌तास तो त्यात माणसं, कुत्री आणि मांजरं शोधत बसतो.

कुटुंबाला घेऊन निघणाऱ्यांना मात्र हात धरून सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत. फेरीला संध्याकाळी पाचला पोचा. त्या वेळी पाळणेवाले चाचणीच्या फेऱ्या मारत असतात, रांग नसते आणि दिवसाउजेडी पाळणा नीट बघता येतो. दोन मिनिटं नुसते उभे राहून बघा. प्रत्येक डब्याच्या दारावर आडवी कडी आहे का, ती खिळीनं अडकते का, पाळणेवाला दर फेरीला ती हातानं ओढून बघतो का. तो बघत नसेल तर बसू नका, मूल कितीही रडो. मुलींच्या वेण्या बांधा, ओढणी पिशवीत टाका. खाजं आणि भजी पाळण्याच्या नंतर, आधी कधीच नाही. मौत का कुआँ बघताना लहानांच्या कानात कापूस घाला, त्या फळ्यांच्या पिंपात आवाज घुमतो.

लहान मुलाच्या मनगटावर पेननं आपला फोन नंबर लिहा आणि चुकल्यावर भेटायची जागा आधीच ठरवा. जागा अशी हवी, की ती मुलाला एकट्यानं ओळखता येईल. पेडण्याला कोजागरीच्या पुनवेला, जेव्हा साड्यांनी नटलेली देवांची तरंगं निघतात आणि गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आमच्या घरातला नियम एकच: चुकलास तर भगवतीच्या देवळाच्या दारातल्या हत्तींच्या पुतळ्यांपाशी. ते दोन प्रचंड हत्ती कुठल्याही पोराला एकदा बघून विसरता येत नाहीत.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेबद्दल जरा जपून लिहितो. हातात रंगीत गोंड्यांच्या वेतकाठ्या घेतलेले व्रतस्थ धोंड, मोगऱ्याचा घमघमाट, पहाटेचं होमकुंड. ती व्रताची जत्रा आहे, करमणुकीची नव्हे, आणि मुलांना तिथे नेताना हे त्यांना आधी सांगावं. 3 मे 2025 च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. त्यानंतर मी गर्दीबद्दल बरंच वाचलं. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांहून जास्त झाली, की गर्दी माणसांसारखी वागेनाशी होते, पाण्यासारखी वागते. एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो आणि मधल्या कुणाच्याही हातात काही राहत नाही. उतारावर तर ती लाट वाढत जाते. म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर अरुंद उताराच्या वाटेनं मुख्य वेळेला जाऊ नका. दोन्ही खांद्यांना माणसं टेकायला लागली की तोच इशारा समजून तिरपे तिरपे कडेला निघा. मूल कडेवर घ्या, आणि मोकळा हात छातीपुढे दुमडून ठेवा, म्हणजे श्वासाला जागा राहते. दर्शन दुसऱ्या दिवशीही होतं.

ज्यांना गर्दीच नको त्यांच्यासाठी आमच्या भागात दोन फुकटच्यासारखे पाळणे आहेत. केरीहून तेरेखोलची फेरीबोट आणि नार्वेहून दिवाडीची. लोखंडी फळी खडखडत खाली येते, गाड्या चढतात, बोट हलते, आणि मूल कठड्याला नाक लावून पाण्याकडे बघत राहतं. पावसाळ्यात पणजीला मिरामारचं विज्ञान केंद्र आहे. तिथे हात लावू नका असं कुणी म्हणत नाही.

येत्या मे महिन्यात भाच्याला खोपोलीला न्यायचं ठरलंय. स्प्रिंगकाटा आणि खाजं घेऊन कोस्टरवर बसायची त्याची तयारी होती. तसं चालत नाही, सुटी वस्तू उडाली तर मागच्याच्या कपाळावर बसेल, हे त्याला पटलं, पण तो दोन दिवस गप्प होता. मग त्यानंच तोड काढली. कोस्टरवर डोळे मिटून बसायचं आणि अंगाला जे वाटेल ते मोठ्यानं ओरडायचं, 'हलका' किंवा 'जड'. खाली उभं राहून आईनं कुठल्या वळणावर काय ऐकू आलं ते वहीत लिहून घ्यायचं. सध्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर सराव चालू आहे. मधोमध आला की "जड!", टोकाला गेला की "हलका!" शेजारची माणसं आता विचारायचं सोडून मोजायला लागली आहेत.